अंधाराची मागणी

दिव्याखाली अंधार असतो, ही म्हण ज्यांनी केली त्यांनी समई पाहिली होती, कंदील पाहिला होता. फार तर रस्त्यावरचा पालिकेचा दिवा पाहिला होता. ज्या दिव्याला खालच्या जमिनीशी काही कर्तव्यच नसते, जो केवळ आकाशातून उतरू पाहणाऱ्या माणसासाठी जळतो, आणि तरीही ज्याच्या आसपासच्या घरांतून अंधार नाहीसा होतो, असा दिवा त्यांच्या कल्पनेत येणे शक्य नव्हते. अण्णांच्या घराजवळ असे दिवे आले तेव्हा त्यांना प्रथम आठवली ती ही म्हण. आणि ती आपल्या बाबतीत उलटी झाली आहे, हे पाहून त्यांना काहीशी गंमतही वाटली. म्हणी, वाक्प्रचार आणि त्यांची प्रांतोप्रांतीची भावंडे गोळा करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला संकटदेखील प्रथम शब्दांतूनच भेटते. डोळ्यांतून भेटायला त्यानंतर काही महिने जावे लागले.

अण्णा उत्तरेकडच्या एका विद्यापीठात मराठी शिकवून २००९ साली निवृत्त झाले. महाराष्ट्रात परत जावे असे दोघांनाही अधूनमधून वाटे. परंतु चाळीस वर्षांत गावाकडचा वाडा पडला होता, भावंडे पांगली होती, आणि माईंची भाजीवाल्याशी हुज्जत घालण्याची भाषा केव्हाच हिंदी झाली होती. तेव्हा शहराच्या कडेला, गव्हाच्या आणि सरसूच्या शेतांना लागून, दोन खोल्या खाली व एक वर असे घर २०११ साली बांधले. माईंनी अंगणात तुळस लावली, दारासमोरची चार हात जमीन चोपून घेतली आणि पहाटे सडा घालून तिच्यावर ठिपक्यांची रांगोळी काढण्याचा परिपाठ ठेवला. महिन्याभरात गल्लीतल्या मुलांनी त्या घराचे नाव ‘रंगोलीवाला घर’ असे ठेवले. अण्णांच्या पदव्यांची पाटी कुणी वाचली नाही.

शेतांच्या पलीकडे एक जुनी धावपट्टी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घाईघाईने ज्या अनेक धावपट्ट्या देशभर झाल्या, त्यांतलीच ती एक. दिवसा कधीतरी एखादे लहान विमान उतरे. रात्री कोल्हे ओरडत. जगातल्या अशा पट्ट्यांवर त्या काळी रात्रीच्या विमानासाठी रॉकेलच्या चिमण्या लावीत. झारीसारखे भांडे, त्याच्या लांब तोटीतून बाहेर आलेली वात, आणि अशा भांड्यांची दुतर्फा ओळ. विमान येणार असे कळले की माणसे धावत जाऊन वाती पेटवीत आणि ते उतरले की मालवीत. ही माहिती अण्णांनी एका जुन्या पुस्तकात वाचली तेव्हा त्यांना ती दिवाळीच्या पणत्यांसारखी वाटली होती. पाहुण्यासाठी लावलेला दिवा पाहुणा आला की शांत करायचा, ही त्यांतली रीत त्यांच्या मनात राहिली.

२०१७ नंतर लहान शहरांना विमानाने जोडण्याचे वारे वाहू लागले. जुनी पट्टी लांब झाली, तिच्यावर नवे थर चढले, आणि २०१८च्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी शेतांच्या मधोमध उभ्या केलेल्या खांबांवर दिव्यांची रांग उजळली. धावपट्टी जिथे सुरू होते, तिच्या अलीकडे नऊशे मीटरपर्यंत ही रांग असते. ती धावपट्टीच्या मध्यरेषेवरून सरळ पुढे येते आणि ठरावीक अंतरांवर तिला आडव्या दांड्या असतात. ढगांतून बाहेर पडणाऱ्या वैमानिकाला काही क्षणांत दोन गोष्टी कळाव्या लागतात: आपण मध्यरेषेवर आहोत की नाही, आणि आपले पंख जमिनीशी समांतर आहेत की नाही. उभी रांग पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, आडव्या दांड्या दुसऱ्याचे. इंग्लंडात फार्नबरो येथील संशोधक कॅल्व्हर्ट यांनी १९४०च्या दशकात या मांडणीचा शास्त्रशुद्ध विचार केला, आणि त्यांच्या आडव्या दांड्यांनी त्यानंतर जगभर किती माणसे सुखरूप जमिनीवर आणली याची गणती करणे कठीण आहे. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे, अखेरच्या सहाशे मीटरांत पिवळे, उंबरठ्याशी हिरवे, शेवटाला तांबडे, बाजूच्या वाटांवर निळे. ‘उंबरठा’ हा शब्द विमानविद्येतही आहे, हे समजल्यावर अण्णांना त्या यंत्रसृष्टीविषयी थोडा जिव्हाळा वाटला होता.

त्यांची मुलगी बंगळूरला असते. पूर्वी तिला दिल्लीला उतरून रात्रभर रेल्वेने यावे लागे. आता ती रात्रीच्या विमानाने थेट येऊ लागली. पहिल्या खेपेला दारात पाऊल टाकताच ती म्हणाली, “आई, वरून तुझ्या रांगोळीसारखं दिसतं. आधी नुसते ठिपके, आणि मग त्यांतून रेघ.” माईंना ते फार आवडले. पुढे कित्येक दिवस त्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन ठिपके मोजीत. त्या दिवसांत त्या दिव्यांबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती २०१९ साली, आणि ती दिव्यांची आहे हे ओळखायलाही वेळ लागला. माईंना विस्मरण होऊ लागले होते. प्रथम वस्तूंच्या जागा गेल्या, मग आठवड्याचे वार गेले, आणि त्यानंतर रात्र व दिवस यांच्यामधली भिंत ढासळू लागली. वरच्या खोलीची खिडकी नेमकी त्या रांगेकडे होती. हे दिवे आपला झोत धावपट्टीकडून बाहेर, येणाऱ्या विमानाच्या दिशेने, काही अंश वर फेकतात. आणि अण्णांचे घर रांगेच्या टोकापासून सुमारे चारशे मीटरवर, त्याच दिशेला होते. मुख्य झोत डोक्यावरून जाई, परंतु त्याचा खालचा काठ खिडकीत येई. भिंत पांढरी होई. माई मध्यरात्री दोन वाजता उठत, “अहो, उजाडलं,” असे म्हणून खाली येत, बादली भरीत, अंगणात सडा घालीत आणि रांगोळी काढायला बसत. अण्णा मागे जाऊन सांगत, “अगं, अजून रात्र आहे.” माई शांतपणे आकाशाकडे बोट दाखवीत. त्या बोटाला उत्तर नव्हते. ज्याचे शब्द खरे आहेत पण डोळ्यांपुढचा पुरावा विरुद्ध आहे, अशा माणसाची जी गत होते तीच अण्णांची होई. आणि दर रात्री खोटे ठरत गेलेल्या माणसावर माईंचा विश्वास थोडाथोडा उणा होऊ लागला.

बिछाना मागच्या खोलीत हलवून पाहिला. काळ्या अस्तराचे जाड पडदे शिवून घेतले. पण उजेडाला फटीची वाट पुरते, आणि मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला पडदा दिसला की तो सारावासाच वाटतो. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्यांबद्दल फारसा उत्साह दाखवला नाही. रात्रीचा उजेड डोळ्यांत गेला की शरीरातला निद्रेचा स्राव मंदावतो, आणि ज्यांची स्मृती दुबळी झाली आहे त्यांना दिवसा भरपूर उजेड व रात्री पुरता अंधार मिळणे हितकर असते, एवढे त्यांनी समजावून सांगितले. दिवसाचा उजेड देणे सोपे होते. रात्रीचा अंधार कोठून आणायचा, हे त्यांच्या चिठ्ठीत नव्हते.

मग २०२० सालचा मार्च आला. पंचवीस तारखेपासून देशातली प्रवासी विमाने थांबली, आणि ती पंचवीस मेपर्यंत थांबली. त्या लहान विमानतळावर रात्री कुणी उतरणारे उरले नाही. दिव्यांची रांग दिसेनाशी झाली. सगळा देश भयात बुडाला असता त्या घरात एक विचित्र स्वस्थता आली: माई रात्रभर झोपू लागल्या. पाचाच्या सुमारास जागे व्हावे, सडा घालावा, रांगोळी काढावी, हा मोडलेला क्रम आपोआप सांधला गेला. विस्मरण होते तेवढेच होते. वार आठवत नसत, मुलीचे नाव कधी अडे. पण रात्र परत आली होती. मे महिन्याच्या अखेरीस रांग पुन्हा उजळली आणि तिसऱ्या रात्री दोन वाजता बादलीचा आवाज आला. प्रयोगशाळेत मुद्दाम योजूनही इतका स्वच्छ प्रयोग कुणाला जमला नसता.

अण्णांनी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. ते त्यांनी फार चांगले लिहिले आणि हाच त्या पत्राचा दोष होता. त्यात रात्रीच्या संस्कृतीवर एक परिच्छेद होता, तारकांवर एक होता, माणसाच्या अंधारावरील हक्काविषयी तर दीड पान होते. उत्तर सभ्यपणे आले: दिवे आंतरराष्ट्रीय मानकांनुसार बसवलेले असून प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहेत. अण्णांनी ते दोनदा वाचले. ते आवश्यक नाहीत असे त्यांनी कोठेच म्हटले नव्हते. आपलीच मुलगी त्या दिव्यांच्या आधाराने उतरते, याचा त्यांना विसर पडलेला नव्हता. मात्र आपण नेमके काय मागितले आहे, हे पत्र पुन्हा वाचताना त्यांनाही सापडेना. कुणीतरी अंधार द्यावा, एवढाच त्याचा अर्थ निघत होता. आणि अंधार ही वस्तू कोणत्याही कार्यालयाच्या भांडारात नसते.

त्या दिवसांत अण्णांनी या विषयावर हाती लागेल ते वाचले. १९३७ साली केलेल्या विमानविषयक नियमांत ‘फसव्या दिव्यां’संबंधी तरतूद आहे, असे त्यांना आढळले. विमानतळाच्या परिसरातला एखादा खासगी दिवा वैमानिकाची दिशाभूल करील असा असेल, तर तो मालवण्याचा किंवा झाकण्याचा हुकूम सरकारला देता येतो. घराच्या दिव्यापासून विमानाला उपद्रव होऊ शकतो, याचा विचार इतक्या आधी झालेला पाहून त्यांना त्या नियमकर्त्यांचे कौतुक वाटले. आणि दिवाळीत माईंसाठी गच्चीवर टांगायचा आकाशकंदील त्यांनी त्या वर्षी आपण होऊन अंगणाच्या बाजूला, आडोशाला बांधला. बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळाची हकिगतही त्यांनी वाचली. भोवती दाट वस्ती असल्यामुळे तिथले मार्गदर्शक दिवे चक्क एका दफनभूमीत, थडग्यांच्या मधून उभे केले होते. तो विमानतळ २००८ साली बंद झाला. हे माईंना सांगितले तेव्हा त्या क्षणभर पूर्वीसारख्या हसल्या. “त्यांचं बरं आहे,” त्या म्हणाल्या, “पडदे शिवायला नकोत.”

दुसरे पत्र लिहिण्यापूर्वी अण्णांनी एक वही घातली. तारीख, आकाश स्वच्छ की धुरकट, दिवे किती वाजता लागले, किती वाजता मालवले, त्या रात्री किती विमाने उतरली, खिडकीवर कोणत्या खांबांचा उजेड पडला, माई किती वाजता उठल्या. पन्नास वर्षे शब्दांच्या नोंदी करणाऱ्या हाताला ही नोंद जड गेली नाही. तीन महिन्यांच्या नोंदींतून काही गोष्टी आपोआप वर आल्या. चांदण्या स्पष्ट दिसतात अशा रात्रीही रांग कधीकधी दाट धुक्यातल्या इतकी प्रखर असे. रांगेतल्या टोकाच्या तीन दिव्यांचा उजेड बाकीच्यांहून खूप खाली येई, आणि तो येऊ लागला होता मे महिन्यातल्या एका मोठ्या आंधीनंतर. रांगेवरून सेकंदाला दोनदा जी लख्ख चमक टोकाकडून धावपट्टीकडे पळत जाई, तीच माईंना सर्वांत जास्त बेचैन करी. दुसरे पत्र एका पानाचे झाले. त्यात संस्कृती नव्हती; वहीची चार पाने सोबत जोडली होती. पंधरा दिवसांनी एक तरुण अभियंता मोटारसायकलीवरून आला.

तो आंध्रातला होता. हिंदी पुस्तकातून शिकलेला, म्हणून ती शुद्ध आणि सावध बोले. गल्लीतल्या इतरांचीही निवेदने त्याने गोळा केली होती, आणि त्यांतल्या एकाने तो बुचकळ्यात पडला होता. “सर,” तो म्हणाला, “अकरा घरांना दिवे कमी हवे आहेत. ज्या म्हाताऱ्या बाईंच्या गोठ्याला लागून खांब आहे, त्यांना मात्र ते वाढवून हवेत. मी तीनदा विचारलं. तीनदा त्या म्हणाल्या, भैया, यह दीया बढ़ा दो.”

त्या बाईंना सारी गल्ली ‘ताई’ म्हणे. तिकडे ताई म्हणजे थोरल्या काकांची पत्नी. माई मात्र त्यांना मराठी अर्थाने ताई म्हणत, आणि दोघींनाही आपापल्या अर्थाने ते नाते पसंत होते. ताईंची सात बिघे जमीन त्या दिव्यांच्या पट्ट्यात गेली होती. आपल्या म्हशीला रात्र कळेनाशी झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दिवा वाढवावा अशी इच्छा असण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. अण्णा मोठ्याने हसले. कित्येक महिन्यांनी हसले. मग त्यांनी त्या तरुणाला ओसरीवर बसवले आणि समजावून सांगितले, की जुन्या हिंदीत दीया बढ़ाना म्हणजे दिवा मालवणे. दुकान बंद करायचे तर तेही ‘बढ़ाना’. घरातला दिवा विझला, दुकान मिटले, हे शब्द तोंडातून काढणे अशुभ. म्हणून उलट बोलायचे. मराठीतही नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली असे न म्हणता वाढवली म्हणतात. दिवा विझवायचा असेल तर तो शांत करतात. अभियंता ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. “आमची आजी म्हणायची, दीपं कोंडेक्किंदि,” तो म्हणाला, “दिवा डोंगरावर चढला. म्हणजे विझला.” अण्णांनी खिशातून कागद काढून ते उतरवून घेतले.

अर्धा तास ते दोघे दिव्याच्या तांत्रिक प्रश्नाकडे वळलेच नाहीत, आणि तरीही तो अर्धा तास त्या प्रश्नापासून दूर गेलेला नव्हता. अण्णांच्या मनात एक विचार तेव्हा प्रथम स्पष्ट झाला. आपल्या कोणत्याही भाषेला अंधार सरळ मागता येत नाही. उजेडाची प्रार्थना करणारे शब्द किती म्हणून सांगावेत. परंतु दिवा दूर कर असे म्हणायचे झाले की प्रत्येक भाषा आडवळणाला जाते, तो वाढवते, शांत करते, डोंगरावर चढवते. दिवा हेच जिथे दुर्मीळ धन होते, त्या जगात घडलेले हे शब्द आहेत. उजेडच उपद्रव होईल, अशा दिवसांसाठी त्यांनी तरतूद केलेली नाही. म्हणून त्या उपद्रवात सापडलेला माणूस अडखळतो. आपण काहीतरी अशुभ, काहीतरी मागासलेले मागत आहोत असे त्याचे त्यालाच वाटते. पहिल्या पत्रातले दीड पान हे त्या अडखळण्याचेच रूप होते. दुसऱ्या पत्राला निराळी भाषा सापडली ती अंशांची, तासांची आणि पायऱ्यांची. त्या भाषेत अंधाराचे मोजमाप करता येते. आणि मोजता येते ते मागता येते.

ही भाषा त्या तरुणाची मातृभाषाच होती. रांगेतला प्रत्येक दिवा आपल्या मुख्य झोतात वीसेक हजार मेणबत्त्यांइतका तेजस्वी असू शकतो, परंतु ते तेज नियंत्रण मनोऱ्यातून कमीअधिक करता येते. साधारणतः पाच पायऱ्या असतात: १००, ३०, १०, ३ आणि १ टक्का. दर पायरीला उजेड सुमारे तिपटीने घटतो, पण माणसाचा डोळाच असा घडलेला आहे की त्याला त्या पायऱ्या सारख्या उंचीच्या वाटतात. सर्वांत वरची पायरी दाट धुक्यासाठी. स्वच्छ रात्री तिचा उपयोग तर नाहीच, उलट वैमानिकाचे डोळे दिपतात. “म्हणजे,” अण्णा म्हणाले, “स्वच्छ रात्री विमान चालवणाऱ्याला आणि झोपणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते?” अभियंता थोडा थांबून म्हणाला, “हो सर. एकच.”

अण्णांच्या घराकडे तोंड असलेले तेवढे दिवे मंद करावेत, ही मागणी मात्र पुरी होण्यासारखी नव्हती. हे दिवे एकाच माळेत ओवलेले असतात. सगळ्यांतून एकच, सारखा राखलेला प्रवाह वाहतो, म्हणून धावपट्टीच्या दूरच्या टोकाचा दिवाही जवळच्याइतकाच तेजस्वी दिसतो. एक मंद करायचा तर सारी माळ मंद होते. वैमानिकाला ठिपके सारखे दिसणे आवश्यक. एक फिका दिसला तर तो दूर आहे, अशी चुकीची समजूत होईल. तेव्हा उपाय दोनच: दिव्याचा कल तपासणे आणि त्याला खालून आड लावणे. दिव्यांचे आधार मुद्दाम नाजूक केलेले असतात, कारण विमान चुकून धडकले तर खांब मोडावा, विमान मोडू नये. आणि जे मोडण्यासाठी केलेले असते ते आंधीत कलतेही. चारशे मीटरवर तीन अंशांचा फरक म्हणजे उंचीत एकवीस मीटरांचा फरक. विमानासाठी पाठवलेला झोत एवढा खाली आला की तो माणसांच्या खिडकीत येतो. आणि जितका तो खिडकीत येतो तितका वैमानिकाच्या वाट्याला कमी पडतो. अण्णांची तक्रार अशा रीतीने विमानतळाच्याही उपयोगी पडली, हे त्या तरुणाने मोकळेपणाने मान्य केले.

पुढच्या महिन्यात टोकाच्या तीन दिव्यांचे कल सरळ झाले. वैमानिकाच्या दृष्टीआड काही येणार नाही याची खात्री करून, टोकाच्या दिव्यांना खालच्या अंगाने पत्र्याची झडप बसली. धावती चमक स्वच्छ रात्री बंद राहू लागली. तिचे बटण निराळे असते. शेवटचे विमान गेल्यावर आणि पुन्हा कुणी येण्याची शक्यता नसेल तेव्हा दिवे मालवले जातात की नाही, याकडे लक्ष दिले जाऊ लागले. खिडकीसमोर झाडांची ओळ लावावी ही अण्णांची कल्पना मात्र अभियंत्याने मोडून काढली. विमानाच्या वाटेखाली झाडांना वाढण्याची मुभा नसते. झडप बसवून माणसे परतली त्या संध्याकाळी माई गच्चीवर गेल्या. त्यांनी बराच वेळ रांगेकडे पाहिले. लहानपणी तुळशीपुढे दिवा नेताना वाऱ्याने तो जाऊ नये म्हणून त्या वातीभोवती पदर धरीत, ते त्यांना आठवले असावे, कारण त्या म्हणाल्या, “पदर धरलाय का त्याला? वारा आहे का?” अण्णांनी वारा नसल्याचे सांगितले. पदर या वेळी दिव्यासाठी धरलेला नाही, हे समजावून सांगण्याचा त्यांना मोह झाला होता. तो त्यांनी आवरला.

सगळ्या रात्री परत मिळाल्या असे मात्र नाही. उत्तरेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीचे धुके उतरते तेव्हा कल, झडप, पायरी कशाचाच उपयोग राहत नाही. दिवे पूर्ण तेजाने लागतात आणि प्रत्येक जलकण त्यांचा उजेड चारही दिशांना उधळतो. खिडकीत उजेड येत नाही, खिडकीबाहेर सगळा उजेडच असतो. अशा एका रात्री अण्णांनी एका विमानाचा आवाज खाली येताना ऐकला. तो जवळ आला, आणि उतरल्याचा घरघराट ऐकू येण्याऐवजी पुन्हा वर चढत गेला. वैमानिकाला ठरलेल्या उंचीपर्यंत दिवे दिसले नव्हते. पाऊण तासाने तो आवाज परत आला. या वेळी अण्णा खिडकीशी उभे होते. पडदा त्यांनी स्वतः बाजूला केला होता, जणू त्यांच्या पडद्यामुळेच काही अडत होते. विमान उतरले. मागे वळून पाहतात तो माई उठून बसलेल्या. त्या रात्री अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी चहा केला, माजघरातल्या फरशीवर पाण्याचा हात फिरवला आणि रांगोळीचा डबा माईंपुढे ठेवला. धुक्याच्या रात्री दिव्यांच्या, हा हिशेब त्यांनी तेव्हापासून मनाशी मान्य केला आहे. उरलेल्या रात्रींबाबत मात्र ते कोणतीही सूट द्यायला तयार नाहीत.

तशी वेळ पुन्हा आलीही. दोन वर्षांनी त्या अभियंत्याची बदली झाली. निरोप घ्यायला आला तेव्हा त्याने तेलुगूतले आणखी तीन वाक्प्रचार लिहून आणले होते. नंतरच्या फेब्रुवारीत, धुके सरून आकाश धुऊन निघालेले असताना, एका रात्री रांग एकदम वरच्या पायरीवर लखलखली आणि पांढरी चमक धावू लागली. नवा माणूस, नवी पाळी. जुनी समजूत कागदावर राहिली असेल किंवा नसेल. अण्णांनी वही काढली, वेळ लिहिली, आकाश स्वच्छ असल्याचे लिहिले, आणि बदली झालेल्या तरुणाने देऊन ठेवलेला क्रमांक फिरवला. रागावण्याची त्यांना गरज वाटली नाही. दृश्यता किती आहे, पायरी कोणती आहे, चमक चालू आहे, एवढेच त्यांनी सांगितले. पलीकडून एक झोपाळू पण सौजन्याचा आवाज म्हणाला, “देखता हूँ.”

वीस मिनिटे गेली. मग धावती चमक थांबली. त्यानंतर सारी माळ एक पायरी उतरली, आणखी एक उतरली. भिंतीवरचा पांढरा चौकोन राखाडी झाला, आणि शेवटी भिंत कोठे संपते हे कळेनासे झाले. अंगणातून म्हशीच्या रवंथाचा आवाज येत होता. माईंनी कूस बदलली आणि झोपेतच विचारले, “अहो, उजाडलं का?”

“नाही,” अण्णा म्हणाले, “अजून रात्र आहे.”

माईंनी एकदा डोळे उघडून पाहिले, आणि मिटले.